गाविलगडाचे न काढलेले चित्र

१५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगडाच्या उत्तर तटाला तोफांनी पाडलेल्या खिंडारातून इंग्रजांची फौज आत शिरली. दक्षिणेच्या बाजूला आर्थर वेलस्ली होता. पण तो हल्ला बराचसा हुलकावणीचा. खरा घाव उत्तरेकडून कर्नल स्टीव्हन्सनने घातला. त्यासाठी त्याच्या माणसांनी सुमारे तीस मैल डोंगरातून वाट कोरून अवजड तोफा ओढून नेल्या होत्या. बाहेरचा कोट पडला तरी मधली घळ आणि पलीकडचा आतला तट शिल्लक होता. शिड्या लावून काही शिपाई त्यावर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज मोडली होती. पंधरवड्याच्या या घडामोडीत वऱ्हाडाचे भवितव्य ठरून गेले.

हे सारे आम्हांस कागदांवरून ठाऊक आहे. सेनापतींचे खलिते आहेत, नकाशे आहेत. १८५१ साली इंग्रज सरकारने जुन्या लढायांतील हयात सैनिकांसाठी एक पदक मंजूर केले. त्याच्या फितीवरील पट्ट्यांत ‘अडगाव’ आणि ‘गाविलगड’ ही नावे, अर्थात साहेबी उच्चाराने, कोरलेली आहेत. नाही ते एवढेच की, त्या सकाळी तेथे जे दिसले त्याचे छायाचित्र नाही. ते असणे शक्यही नव्हते. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली, म्हणजे गाविलगड पडल्यानंतर छत्तीस वर्षांनी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी चिखलदऱ्याहून गडावर गेलो होतो. मोडका तट, थोरल्या मशिदीच्या कमानी, गवतात पडलेल्या तोफा, तलावाचे पाणी. सोबतच्या मुलांनी भराभर फोटो काढले. परतताना त्यांपैकी एकाने विचारले, “लढाईचा फोटो कुठेच नाही का?” त्याला काळाचा हिशेब सांगितला, त्याचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. समजा, कॅमेरा पन्नास वर्षे आधी आला असता, तर त्याने गाविलगडावर नेमके काय टिपले असते?

याचे उत्तर इतर रणभूमींवरून काढता येते. बंगाल सैन्यातील शल्यवैद्य जॉन मॅकॉश याने १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धाच्या काळात छायाचित्रे घेतली. युद्धाशी जोडलेली ती अगदी आरंभीची छायाचित्रे मानली जातात. पण त्यांत बहुतेक अंमलदारांचे चेहरे आहेत, लढाई नाही. १८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला. त्याने साडेतीनशेवर छायाचित्रे आणली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात एकही मनुष्य नाही. उजाड टेकड्यांमधली एक वाट आणि तीवर विखुरलेले तोफगोळे, एवढेच. त्याला नाव मिळाले ‘मृत्युच्छायेची दरी’. हे शब्द आपल्या वाचकांना परके नाहीत. ते तेविसाव्या स्तोत्रातले आहेत (जुन्या लॅटिन क्रमाने बाविसाव्या). त्याच दरीची फेंटनने दोन छायाचित्रे घेतली होती. एकात गोळे वाटेवर आहेत, दुसऱ्यात वाट मोकळी आहे. गोळे कोणी हलवले यावर अभ्यासकांचा वाद चालत आला आहे. लखनौच्या सिकंदरबागेत फेलिस बिआटो १८५८ मध्ये पोहोचला. कत्तल १८५७ च्या नोव्हेंबरात झालेली. त्याच्या छायाचित्रात अंगणभर हाडे पसरलेली दिसतात आणि ती चित्रासाठी मांडून ठेवली होती, असे मानण्यास आधार आहे.

यात केवळ लबाडी पाहणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्या काळचे तंत्रच तसे होते. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेला चिकट द्रावण फासायचे, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. मग लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन ती धुवायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की मेहनत वाया. अकोल्याचा वैशाख ज्याने अंगावर काढला आहे, त्याने त्या तंबूची कल्पना करून पाहावी. आत ईथरचा उग्र वास, बाहेर झळा, आणि धुण्यासाठी लागणारे स्वच्छ पाणी कोसावर! शिवाय काचेवर प्रकाश पडू द्यायचा तो काही सेकंद. तेवढ्यात जे हलले ते पुसट झाले किंवा उमटलेच नाही. धावणारा शिपाई, उधळलेला घोडा, तोफेचा धूर यांतले काहीच त्या काचेवर ठरत नसे. ठरत असे ते स्थिर असलेले: डोंगर, दगड, पडकी भिंत आणि मेलेला माणूस.

म्हणूनच युद्धाचा छायाचित्रकार आणि अरण्याचा छायाचित्रकार ही पुष्कळदा एकच व्यक्ती निघते. अमेरिकेतील टिमथी ओ’सलिव्हन याने १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गच्या शेतातील प्रेते टिपली. चार वर्षांनी तोच माणूस सरकारी पाहणी पथकाबरोबर पश्चिमेकडील निर्जन प्रदेशात गेला. तेथील वाळूच्या टेकड्यांच्या एका छायाचित्रात त्याची अंधारखोलीची गाडी उभी आहे आणि वाळूत पावलांचे ठसे उमटले आहेत. माणूस मात्र दिसत नाही.

आमच्या मुलखालाही असा एक माणूस लाभला. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल. १८४४ साली त्याची नेमणूक अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी झाली. वर्षानुवर्षे राबून त्याने केलेली मोठी तैलचित्रे लंडनला गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. अजिंठ्याची पारो आणि हा साहेब यांची कथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. गावातील पारोच्या थडग्यावर १८५६ हे साल आहे. त्याच सुमारास गिल कॅमेऱ्याकडे वळला. अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेस बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वऱ्हाडात उतरते. गिलचा कॅमेराही तसाच उतरला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने घेतलेली छायाचित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

१८६४ साली त्याची शंभर जोडचित्रे पुस्तकरूपाने निघाली. वर्णने जेम्स फर्ग्युसनची. दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की अशी चित्रे खोली असल्यासारखी उठून दिसतात. पुस्तकाच्या नावात स्थापत्य आणि ‘निसर्गेतिहास’ असे दोन्ही शब्द आहेत. निसर्गेतिहास म्हणजे काय, तर शिकार केलेली जनावरे. गिल पट्टीचा शिकारी होता. जिवंत वाघ त्या काचेवर उमटणे शक्य नव्हते. म्हणून वाघ आधी मारावा लागे, मग त्याचे चित्र. लखनौच्या अंगणातील हाडे आणि सातपुडा-अजिंठ्याच्या रानातील हा वाघ यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि तेथे झाडाला बांधलेले कॅमेरे चालत्या वाघाचे चित्र आपोआप घेतात, हे गिलला सांगितले असते तर तो हसला असता.

गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने लोणार, मेहकर, बार्शीटाकळी येथील देवळांची नोंद अधिक पद्धतशीरपणे केली. त्याचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली निघाला.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कॅमेरा असता तरी गाविलगडाची लढाई त्यात आली नसती. खिंडार आले असते, निवलेल्या तोफा आल्या असत्या, घळीतील प्रेतेही कदाचित आली असती. तीस मैल तोफा ओढणारे बैल आणि त्यांच्या शेपट्या पिळणारी माणसे, गडाखालची कोरकू आणि गवळी कुटुंबे यांतले कोणी आले नसते. ती सारी हलती माणसे.

मात्र एक हालचाल न करणारा माणूस त्या काळच्या देवळांच्या आणि लेण्यांच्या छायाचित्रांत वारंवार भेटतो. खांबाशी किंवा पायरीवर, कधी पागोटे घातलेला, कधी उघडाबोडका, ताठ बसलेला. खांबाची उंची पाहणाऱ्याच्या ध्यानात यावी म्हणून त्याला तेथे बसवलेले असे. काच उघडी असेपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घेतला असावा. चेहरा बहुधा स्पष्ट उमटलेला असतो. चित्राखाली देवळाचे नाव असते, गावाचे असते, साहेबाचे असते. त्याचे नसते.