बुद्धिबळातील परिभाषा
बुद्धिबळातील परिभाषा : बुद्धिबळाच्या खेळातील मोहऱ्यांची नावे व विशेष चालींच्या संज्ञा. या खेळात नाव व चाल यांचा प्रवास एकत्र झालेला नाही; म्हणूनच ही परिभाषा खेळाच्या इतिहासाचे एक साधन ठरते.

हत्ती, घोडा, रथ व पदाती या सेनेच्या चार अंगांवरून या खेळाचे ‘चतुरंग’ हे प्राचीन भारतीय नाव पडले. इराणमध्ये त्याचे ‘चतरंग’ व अरबीत ‘शतरंज’ झाले. फार्सी ‘शाह’ (राजा) या शब्दावरून ‘शह’ ही संज्ञा आली. ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला. फार्सी ‘पील’ म्हणजे हत्ती. तो तिरपा दोन घरे जाई. त्याच जागेवरील मोहऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘अल्फिल’ म्हणतात. रशियनमध्ये तो आजही हत्तीच आहे, तर इंग्रजीत तो धर्मगुरू झाला. मराठीत मात्र हत्ती पटाच्या कोपऱ्यात, म्हणजे रथाच्या जागी असून तिरप्या चालीचा मोहरा उंट होय.

फार्सी ‘फर्झीन’ म्हणजे मंत्री. तो तिरपे एकच घर चाले. यूरोपात त्याची राणी झाली व सु. १४७५ नंतर तिला आजची दूरवरची चाल मिळाली. मराठीत ही चाल स्वीकारली गेली, तरी वजीर हे नाव टिकले. प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरे जाण्याची मुभा यूरोपात मिळाली. तीमुळे शेजारील प्याद्याचा मारा चुकू नये, म्हणून ‘आँ पासाँ’ (जाता जाता) मारण्याचा नियम आला. राजा व हत्ती यांच्या संयुक्त चालीस मराठीत ‘किल्लेकोट’ म्हणतात.

देशी पद्धतीत प्यादे एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची चाल करता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे सामान्यतः त्या घराचाच मोहरा होई. आंतरराष्ट्रीय नियमांत वजीर, हत्ती, उंट वा घोडा यांपैकी कोणताही घेता येतो. प्याद्याने केलेली ‘प्यादेमात’ विशेष मानाची समजली जाई. देशी पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतान खान याने यूरोपीय नियम आत्मसात करून १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. मुंबईत १८१४ मध्येच त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा यूरोपीय पद्धतीस अनुसरून लिहिलेला बुद्धिबळविषयक ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला होता.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या प्रसारामुळे देशी नियम मागे पडले. तथापि त्यांतील चाली जाणल्याखेरीज प्यादेमातीचा मान किंवा वजिराचे नाव यांचा उलगडा होत नाही. ‘शहकाटशह’सारखे शब्द तर पट न पाहिलेल्याच्याही बोलण्यात आढळतात. नियम बदलले, तरी भाषेने जुन्या पटाची स्मृती जपली आहे.