पाणचक्की: हात लावून वाचायचा इतिहास

आपल्या मुलांची इतिहासाशी पहिली ओळख परीक्षेच्या निमित्तानं होते आणि दुसरी मोबाइलवर. या दुसऱ्या ओळखीत काय वाढून ठेवलंय, ते मुस्लिम घरांतल्या आईवडिलांना वेगळं सांगायला नको. सहावी-सातवीतल्या पोराला मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतं, “तुमच्या औरंगजेबानं असं का केलं?” पोरगा गप्प बसतो. घरी आल्यावर त्याच्या हातात दुसरा एखादा फॉरवर्ड पडतो, ‘आम्ही या देशावर शेकडो वर्षं राज्य केलं.’ सकाळी आरोप, संध्याकाळी फुशारकी. त्या मुलाचे खापरपणजोबा मात्र बादशाह नव्हते. ते विणकर होते, बागवान होते, अत्तार होते, नाहीतर कुणाच्या तरी फौजेत घोड्याला खरारा करणारे होते. त्यांचा इतिहास या दोन्हींत कुठेच नाही.

तो त्याला द्यायचा कसा, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. पुस्तकं द्यावीत तर दहा-बारा वर्षांचं मूल दख्खनच्या सल्तनतींवरचं पुस्तक वाचत नाही. भाषण करावं तर ते आपल्यासमोर मान हलवतं आणि आपली पाठ वळली की विसरतं. मुलाच्या लक्षात राहतं ते हातानं केलेलं.

जगातल्या संग्रहालयांनाही ही गोष्ट उशिरा कळली. ‘हात लावू नका’ ही पाटी संग्रहालयाची ओळखच होती. खास मुलांसाठी पहिलं संग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालं. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडलं. तिथं वस्तू हाताळणं, फिरवणं, करून बघणं हाच शिकण्याचा मार्ग ठरला. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण मराठवाड्यातल्या किती मुलांना मुंबईला जाऊन ते बघता येणार?

आपल्या शहरात मात्र अशी एक जागा उभी आहे. तिला कुणी संग्रहालय म्हणत नाही. सहलीची बस तिथं अर्धा तास थांबते, मुलं फोटो काढतात, चणे-फुटाणे खातात आणि बस पुढं मकबऱ्याकडे जाते. ती जागा म्हणजे पाणचक्की.

आधी पाणी, मग शहर

पाणचक्कीची गोष्ट चक्कीपासून सुरू केली तर अर्धवट राहते. तिची सुरुवात शहराच्या पाण्यापासून करावी लागते.

१६१० साली मलिक अंबरनं खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेझखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेझखान स्वतःही हबशीच. त्या विकत घेतलेल्या पोरानं पुढं अख्खी निजामशाही सांभाळली आणि मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनच्या दारात रोखून धरलं. त्याच्या सोबतीला मराठा सरदार होते. खडकीतल्या मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावं मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या सरदारांवरून पडली, असं परंपरेनं सांगितलं जातं.

राजधानी वसवायची तर आधी पाणी हवं. मलिक अंबरनं शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणलं. हीच नहर-ए-अंबरी. डोंगरातल्या झऱ्यांचं आणि झिरप्याचं पाणी गोळा करायचं, भुयारी मार्गानं ते उतारावरून शहरात न्यायचं, मध्येमध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभी विवरं ठेवायची. ना मोट, ना रहाट. उताराचं अचूक गणित, एवढंच भांडवल.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान यानं खडकीचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि फतेहनगरचं औरंगाबाद झालं. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. शहराच्या नावावरून जेवढं बोललं गेलं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही या नहरीबद्दल बोललं गेलं नाही. नावं चार झाली. नहर मात्र या सगळ्या नावांखालून वाहत राहिली. पुढच्या काळात तिच्याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीला आली.

खानकाहचं दळण

पाणचक्कीच्या आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. नक्शबंदी परंपरेतले हे सूफी बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. फिरत फिरत दख्खनमध्ये आले आणि इथंच राहिले. त्यांच्या खानकाहत फकीर, विद्यार्थी, वाटसरू आणि फौजेतले शिपाई येत. त्यांचे शिष्य बाबा शाह महमूद यांनी फारसीत लिहिलेल्या ‘मल्फुजात-ए-नक्शबंदिया’ या ग्रंथात त्या खानकाहचं रोजचं जगणं आलंय. सायमन डिग्बी या अभ्यासकानं त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. बादशाहांच्या दरबाराबाहेरचा दख्खन बघायचा असेल तर तो जरूर वाचावा.

एवढ्या माणसांना रोज जेवू घालायचं तर पीठ लागणार. सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्या शतकाचा मध्य या काळात इथली नहर, हौद, कारंजी आणि चक्की टप्प्याटप्प्यानं उभी राहिली. काही मैलांवरच्या डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आलं. ते उंच भिंतीवर चढलं, तिथून हौदात कोसळलं आणि जाता जाता त्यानं चक्की फिरवली. उरलेलं पाणी शेजारच्या खाम नदीत गेलं.

आधी जातं, मग चक्की

गेल्या थंडीत बहिणीची दोन मुलं आणि शेजारची दोघं, अशा चौघांना घेऊन मी पाणचक्कीला गेलो. जायच्या आदल्या दिवशी एक काम करून घेतलं. आमच्या खालांच्या घरी जुनं जातं आहे. चौघांना त्यावर ज्वारी दळायला बसवलं. खालांनी आधी वैरण कशी घालायची ते दाखवलं. मूठभरच घालायची, जास्त घातली की भरड निघते. पहिली पाच मिनिटं हसणं-खिदळणं चाललं. मग खुंटा जड झाला, दंड भरून आले. अर्ध्या तासानं जेमतेम दोन भाकरींचं पीठ निघालं. धाकटा म्हणाला, “खालाजान, तुम्ही रोज करायच्या हे?” खाला म्हणाल्या, “रोज पहाटे, बेटा. घरात नऊ माणसं होती.”

दुसऱ्या दिवशी पाणचक्कीच्या दाराशी मला फार काही सांगावं लागलं नाही. खाली पात्यांचं आडवं चाक असतं. पाण्याची धार पात्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याला जोडलेला उभा लोखंडी दांडा फिरतो आणि त्याच्यासोबत चक्कीची वरची तळी फिरते. चौघांनीही ते बघितलं आणि पहिला प्रश्न आला, “मामू, याला लाईट लागत नाही?” मोठीचा प्रश्न मात्र वेगळा होता. “म्हणजे इथल्या बायकांना दळावं लागत नसेल?”

हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी सांगितलं की खानकाहचं दळण पाण्यावर होत होतं, पण शहरातल्या घराघरांत जातं बायकांच्याच हातात राहिलं. विजेच्या गिरण्या येईपर्यंत. कालच तिचे दंड भरून आले होते, म्हणून तिला हा प्रश्न पडला. नुसतं माहितीचं पान वाचून तो पडला नसता.

फिरत्या चक्कीला हात लावायचा नसतो, हे खरं. पण कोसळत्या पाण्याचा आवाज कानात भरतो, वाऱ्यासोबत तुषार तोंडावर येतात. हौदाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. उन्हाळ्यात वाटसरूंना टेकायला केवढी सोय. वीज न जाळता केलेलं हे वातानुकूलन मुलांना मकबऱ्याच्या संगमरवरापेक्षा जास्त भावलं.

पाणी वर कसं चढलं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. डोंगरातलं पाणी जमिनीखालून आलं, मग ते भिंतीवर कसं चढलं? पंप तर नव्हता.

यासाठी मी सोबत दोन मीटरची पारदर्शक नळी आणली होती. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरायची आणि पाणी भरायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं. एक टोक उंच धरा, दुसरं हळूहळू खाली न्या. उंच टोकाच्या पातळीखाली ते गेलं की तिथून पाणी बाहेर पडतं. झरा डोंगरावर उंच आहे, भिंतीचा माथा त्याहून खाली आहे, म्हणून पाणी दरीत उतरून पुन्हा भिंतीवर चढतं. धाकट्यानं ओटा ओला केला, स्वतःची चप्पल ओली केली आणि तीनशे वर्षांपूर्वीचं गणित त्याला समजलं.

आमच्या शेजाऱ्यांचे वडील गवंडी होते. त्यांचा नातू म्हणाला, “आमच्या दादांकडे अशीच नळी होती.” पोराच्या आवाजात जरा ऐट होती. अशी ऐट मला चालते. ती कुणाला हरवल्याची नसते. आपल्या घरातल्या माणसाला येत होतं ते या भिंतीला लागलं होतं, याची असते.

कुणी बांधलं?

तिथून मकबऱ्याला गेलो. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दारावरच्या लेखात दोन नावं आहेत, वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. दोन धर्मांची दोन माणसं, एकाच दारावर. हे मुलांना जरूर दाखवावं.

पण नहरीवर कुणाचं नाव आहे? भुयार खणणाऱ्याचं नाही, खापराचे नळ भाजणाऱ्या कुंभाराचं नाही, चुना मळणाऱ्याचं नाही, चक्कीच्या दगडाला टाकी लावणाऱ्या पाथरवटाचंही नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज या बिननावाच्या लोकांत असणार. हिंदूंचेही, मुसलमानांचेही. मधल्या सुट्टीत ‘तुमचा’ आणि ‘आमचा’ असा वाद निघाला तर मुलाकडे सांगायला काहीतरी हवं. ‘तो बादशाह माझा कुणी नव्हता, पण ही नहर आपल्या सगळ्यांची आहे’, एवढं त्याला म्हणता आलं तरी पुरे.

आपल्याकडे पाणी पाजण्याला, विहीर खोदण्याला सदका-ए-जारिया म्हणतात. माणूस गेल्यावरही चालू राहणारं पुण्य. पाण्यानं चालणाऱ्या वक्फच्या जागेत उभं राहून मुलाला हा शब्द समजावणं सोपं जातं. तो अरबीच्या तासात पाठ करण्यापेक्षा तिथं लवकर कळतो.

आजचं पाणी

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. उन्हाळ्यात झरे आटले की पाणचक्कीचं पाणी कमी होतं, कधी चाक थांबतं. नहरींवर घरं, रस्ते, दुकानं उभी राहिली. विवरं बुजली, कुठं सांडपाणी शिरलं. इतिहासप्रेमी मंडळी कित्येक वर्षं ओरडताहेत. शहर आज जायकवाडीच्या पाण्यावर जगतं. ते पैठणहून पंपांनी उचलून आणावं लागतं आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आमच्या चौघांनाही पाण्याचा वार ठाऊक आहे. त्या दिवशी शाळेतून लवकर येऊन पिंप भरायचं, हेही ठाऊक आहे.

म्हणून मोठीनं विचारलं, “तेव्हा पंप नव्हते तरी पाणी येत होतं, मग आता का नाही?” तेव्हाचं शहर लहान होतं, आज लाखोंची वस्ती आहे, नहरीवर ती भागणार नाही, हे मी तिला सांगितलं. पण जे चालू होतं ते आपण बुजू दिलं, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे. इतिहास शिकवताना मुलांना दोन्ही सांगायला हवं.

पाणी थांबलं तर पाणचक्की इतर इमारतींसारखी एक इमारत होईल. भिंत राहील, पाटी राहील. पण मुलाला करून बघण्यासारखं काही उरणार नाही. किल्ल्यांच्या डागडुजीसाठी निधी मागतो तसा झऱ्यांच्या आणि खापरी नळांच्या सफाईसाठीही मागायला हवा. वक्फ मंडळाकडे, महापालिकेकडे आणि आपल्या मोहल्ल्यातही.

जाणार असाल तर

पावसाळा सरल्यावर जा, तेव्हा पाणी भरपूर असतं. जमलं तर आदल्या दिवशी जात्यावर किंवा पाट्यावर थोडं दळून-वाटून घ्या. नळी सोबत न्या. चारच मुलं न्या, चाळीस नको. माहिती सांगायची घाई करू नका, प्रश्न येऊ द्या. दर्ग्यात कुणी फातिहा पढत असेल तर आवाज कमी ठेवा. परतताना हिमरूचा हातमाग चालू असलेलं एखादं ठिकाण विचारून गाठा आणि रेशीम व सूत एकत्र कसं विणतात ते मुलांना बघू द्या. विणकराची परवानगी घेऊन धोटा हातात धरू द्या.

आणि सोबत एखादं शेजारचं मूल न्या, जे आपल्या धर्माचं नाही. उद्या मधल्या सुट्टीत इतिहासाचा विषय निघाला, तर हौदाशेजारी चप्पल ओली करून बसलेली ही दोघं एका बाजूला असतील.