महाला मलिन्स आणि न्यूमन्स रिजवरील भट्ट्या
अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील हँकॉक काउंटीमधली न्यूमन्स रिज ही डोंगररांग मेलंजन समाजाची जुनी वसती. युरोपीय, आफ्रिकी आणि मूळनिवासी असा संमिश्र वंश सांगितल्या जाणाऱ्या या समाजातील काहींवर, १८३४ च्या राज्यघटनेने मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरता ठेवल्यावर, बेकायदा मतदानाचे खटले भरले गेले.

डोंगरातला मका बाजारापर्यंत वाहून नेणे परवडत नसे. त्याची व्हिस्की मात्र सहज नेता येई. १८६२ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी संघराज्य सरकारने मद्यावर गॅलनमागे २० सेंट कर बसवला. १८६५ पर्यंत तो २ डॉलरवर गेला. कर न भरणारी घरगुती भट्टी गुन्हा ठरली आणि महसूल अधिकाऱ्यांचे छापे सुरू झाले.

महाला मलिन्स (मृत्यू १८९८) ही तेथील सर्वांत प्रसिद्ध मद्यविक्रेती. छाप्यात ती सापडे. पण तिचा देह इतका स्थूल, की तिला दारातून काढून डोंगराखाली न्यायालयात नेणे अशक्य, अशी आख्यायिका आहे. पुढे तिच्या वजनाचे आकडे फुगत गेले. मक्याचा आणि कराचा हिशेब मात्र क्वचितच कोणी सांगितला. तिचे ओंडक्यांचे घर आता व्हार्डीच्या खोऱ्यात हलवून जतन केले आहे.