पटावरची चूक आणि दुरुस्तीची वाट

शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याला अनेक जुने लोक अजून दाखल-खारिज म्हणतात, मुळात शाळेच्या सोयीसाठी होते. मूल कधी आले, कोणत्या वर्गात बसले, कधी आणि का गेले, एवढे कळले की काम भागे. पण खेड्यात जन्माची दुसरी भरवशाची नोंद क्वचित सापडे. कोतवाल बुकात अमक्याला मुलगा झाला एवढेच असे, मुलाचे नाव नसे. त्यामुळे नाव घालताना गुरुजींनी जे लिहिले तेच पुढे माणसाचे वय, आडनाव आणि जात ठरले. बापाला तारीख सांगता आली नाही, तर मूल पहिलीत बसेल अशा बेताने गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत. आज साठी-सत्तरीत असलेल्या असंख्य मराठी माणसांचे कागदोपत्री वाढदिवस या दोन तारखांना येतात, ते यामुळे. यात कोणाला फसवायचे नव्हते. अडचण पुढे झाली. अंदाजाने लिहिलेल्या त्या ओळीवर नोकरी, निवृत्ती आणि जातपडताळणी उभी राहिली, आणि ती ओळ बदलणे मात्र फार अवघड करून ठेवले गेले.

माध्यमिक शाळा संहितेने ही दुरुस्ती मुख्याध्यापकाच्या हातात ठेवली नाही. नाव, जात किंवा जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी, आणि तीही मूल शाळेत असेपर्यंत, असाच नियमाचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. शाळा सोडून गेलेला माणूस अर्ज घेऊन आला की त्याला परत पाठवले जाई. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापर्यंत गेला, आणि उघड चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते, हे स्पष्ट व्हायला २०१९ साल उजाडले. नोकरीत तर मुदत आणखी आखूड: १९८१च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार जन्मतारखेबद्दलचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा. गंमत अशी की न्यायालयांनी स्वतः या नोंदीला कधीच डोळे झाकून मानले नाही. शाळेतली जन्मतारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे सिद्ध झाल्याशिवाय तिला फारसे वजन देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले होते. म्हणजे ज्या नोंदीवर न्यायालय सहज विसंबत नाही, तिच्यावर कचेरी पूर्ण विसंबते.

या कडकपणामागचे कारण खोटे नव्हते. वय कमी करून नोकरी लांबवणारे आणि जात बदलून सवलत घेणारे होतेच. पण या नियमातली मोठी उणीव डोळ्यांआड राहिली. खऱ्या मुलाची एक तारीख बदलायला शिक्षणाधिकाऱ्याची सही लागे. नसलेल्या मुलाचे नाव पटावर चढवायला कोणाचीच लागत नसे. रजिस्टरात शिरण्याचा दरवाजा सताड उघडा आणि दुरुस्तीचा बंद, अशी ही रचना होती. दुरुस्ती कठीण केली की लबाडी आटोक्यात येते, हा समज तिथेच खोटा ठरतो. लबाडाला दुरुस्ती नको असते. त्याला हवी ती नोंद तो पहिल्याच वेळी करतो.

नसलेले मूल लिहिण्याचा मोह येतो तो पटाला पैशाची किंमत आल्यावर. इंग्लंडने १८६२ मध्ये परीक्षेच्या निकालावर आणि हजेरीवर शाळांना अनुदान देण्याची पद्धत काढली, आणि निकालावर अनुदान देण्याची ती रीत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तिला विरोध केला. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही अशा गरीब लोकांत ही पद्धत चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आकडा आणि अनुदान एकमेकांना बांधले की फटका कोणाला बसतो, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. पुढे निकालाची अट गेली, पटाची राहिली. १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, खासगी अनुदानित शाळा वाढल्या, आणि ३० सप्टेंबरचा पट हा तुकड्या, शिक्षकांची पदे आणि पगार ठरवणारा आकडा झाला.

या उघड्या दरवाजाचा हिशेब २०११ मध्ये झाला. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यात पडताळणी करून बोगस विद्यार्थी उघडे पाडले, आणि त्यानंतर राज्य सरकारने ३, ४ आणि ५ ऑक्टोबरला सगळ्या महाराष्ट्रात पटपडताळणी घेतली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी मुलांच्या बोटांना शाई लावली. पटावरचे सुमारे २० लाख विद्यार्थी जागेवर सापडले नाहीत. ही मोहीम आवश्यक होती यात शंका नाही. तेवढ्या नावांवर पोषण आहार, गणवेश आणि पगार निघत होते. पण गैरहजर म्हणजे बोगस हे समीकरण मात्र तपासले गेले नाही. ते तीन दिवस दसऱ्याच्या आधीचे होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या पट्ट्यात त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी सुरू असते आणि मोठी मुले शेतात किंवा घरी धाकट्यांना सांभाळायला असतात. त्यांची गैरहजेरी हा शिक्षणाचा खरा प्रश्न आहे, पण ती खोटी नावे नव्हेत. निम्म्याहून अधिक मुले गैरहजर निघालेल्या शाळांवर कारवाईचे धोरण ठरले. ज्यांना आपली बाजू मांडायची होती त्यांना ती नंतर, सुनावणीत किंवा न्यायालयात मांडावी लागली. मोजणी तीन दिवसांत झाली, तक्रारींचा निवाडा व्हायला वर्षे गेली.

एवढ्या मोठ्या आकड्यात दोन-चार मुलांची चूक कुठेच दिसत नाही, असे कोणी म्हणेल. राज्याच्या बेरजेत दिसत नाही हे खरे. शाळेत दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ व्या मुलाला तिसरा. त्या एका मुलाच्या नावाचे स्पेलिंग जुळले नाही म्हणून तो मोजला गेला नाही, तर तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो. मग पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे.

हे स्पेलिंगचे प्रकरण हल्लीचे आहे. २०१२-१३ पासून युडायस ही शाळांच्या माहितीची प्रणाली, २०१५ पासून राज्याचे सरल हे पोर्टल, आणि अलीकडे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेली संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, असा हा प्रवास झाला. शिरण्याचा दरवाजा यामुळे बराच बंद झाला, आणि ते या व्यवस्थेचे यश प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण दुरुस्तीचा दरवाजा उघडला नाही. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. शाळेत मराठीत, आधारवर केंद्रचालकाला सुचेल त्या इंग्रजीत. दोन्हीकडच्या जन्मतारखा वेगळ्या. मूल वर्गात बसलेले असते आणि पडद्यावर ‘मिसमॅच’ असते. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमसारख्या गावात हा गुंता अधिक वाढतो. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाच्या शाळांमुळे आसपासच्या खेड्यांतली मुले जिल्हा परिषद शाळेतून दाखला घेऊन तिथे शिकायला येतात. अशा वेळी जुन्या शाळेने पोर्टलवरून नाव वेळेत सोडले नाही, तर मूल नव्या शाळेच्या पटावर चढत नाही. चूक एका शाळेची, फटका दुसरीला, आणि दुरुस्तीचा अर्ज गट शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या रांगेत.

दुरुस्ती सोपी केली तर बोगस पट पुन्हा येईल, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्याला उत्तर जुन्या रजिस्टरातच आहे. तिथे चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारून, खालची अक्षरे वाचता येतील अशी ठेवून, वर नवी नोंद आणि शेऱ्यात आदेशाचा क्रमांक लिहीत. बदल झाला, कधी झाला, कोणी केला, हे पन्नास वर्षांनीही दिसते. हल्ली कुणबी नोंदी शोधायला अधिकारी जुनी दाखल-खारिज रजिस्टरे उघडून बसले, ते याच बळावर. पोर्टलवर दुरुस्ती झाली की आधी काय होते ते पालकाला दिसत नाही. लबाडी रोखायची तर माग ठेवला पाहिजे. अडवणूक केल्याने ती थांबत नाही. शिवाय दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. मूल खरोखर आहे का, हा एक. त्याची दोन ठिकाणची अक्षरे जुळतात का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून पहिल्यालाही ‘नाही’ म्हणणे अन्याय आहे. आधार नाही म्हणून मुलाचा शिक्षणाचा लाभ नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेच आहे.

हे सगळे प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे असेही नाही. सातबारा संगणकावर आला तेव्हा त्यातही ढिगाने चुका होत्या. महसूल खात्याने २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन घेतले, उतारे लोकांसमोर वाचले, हरकती लिहून घेतल्या. जमीन महसूल संहितेत लेखनातली चूक दुरुस्त करायला कलम १५५ आहे, निर्णय पटला नाही तर कलम २४७ खाली अपील आहे, आणि अपिलाला ठरलेली मुदत आहे. शेताच्या बांधाला जे संरक्षण मिळाले ते मुलाच्या नावाला मिळालेले नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले आहे, पण माहिती भरून ‘लॉक’ करण्याआधी ती त्यांना वाचून दाखवण्याचे बंधन कोणावर नाही. ३० सप्टेंबरचा पट आधी या समितीसमोर वाचला जावा, हरकतीची लेखी पोच मिळावी, गट शिक्षणाधिकाऱ्याने ठरलेल्या दिवसांत कारणासह निर्णय द्यावा, आणि तोवर ते मूल पटावरच धरले जावे. शिक्षकांची पदे त्यानंतर ठरवावीत.