पिसाचा रंग, पिलाचे नशीब

माझ्या लहानपणी आमच्या आठवडी बाजारात एक माणूस बांबूच्या पाटीत कोंबडीची पिले घेऊन बसायचा. गुलाबी, हिरवी, जांभळी पिले. रंग अर्थातच कृत्रिम, बादलीत कालवलेला. मी हट्ट करून एक गुलाबी पिलू घेतले. आजी पाटीवाल्याला म्हणाली, "सगळे नरच दिसतात की रे!" तो हसून म्हणाला, "मग काय आजी, माद्या कोण विकतंय?" तिसऱ्या दिवशी पिलू मेले. मी रडलो, विसरलो. पण त्या दोघांचे बोलणे डोक्यात राहिले. आमच्या दारातली खुडूक कोंबडी पिले काढायची, तेव्हा त्यातला कोंबडा कोणता आणि तलंग कोणती, हे महिना-दीड महिना आजीलाही नक्की सांगता येत नसे. मग दोन-चार दिवसांच्या पिलांची अशी निवड कोणी आणि कशी केली असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी दोनशे वर्षे मागे, इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या खुराड्यापाशी जाऊन पोहोचलो.

सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट (१७६७-१८४६) हे हर्टफर्डशायरमधील बीचवूडचे सरदार, पार्लमेंटचे सभासद आणि हाडाचे पशुपैदासकार. पाळीव जनावरांच्या जाती सुधारण्याच्या कलेवर त्यांनी १८०९ मध्ये सर जोसेफ बँक्स यांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. कबुतरांविषयी ते म्हणत, की हवे ते पीस मी तीन वर्षांत घडवून दाखवीन, डोके आणि चोच घडवायला मात्र सहा वर्षे लागतील. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात, माणसाने केलेल्या निवडीची ताकद सांगताना, या उद्गाराची आवर्जून नोंद घेतली आहे.

याच सेब्राइटांनी बुटक्या कोंबड्यांची एक जात घडवली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे अंग सोनेरी किंवा रुपेरी आणि अंगावरच्या प्रत्येक पिसाला बारीक काळा काठ. नऊवारीचा काठ जसा शेवटपर्यंत सारखा चालावा, तसा मानेपासून शेपटीपर्यंत तो सारखा यायला हवा. कुठे जाड झाला, कुठे तुटला, तर पक्षी बाद. अशी सफाई साधायची तर एकाच रक्ताचे नर-मादी पुन्हा पुन्हा जुळवावे लागत. त्याची किंमतही मोजावी लागली. पिसे रेखीव होत गेली, पण अंडी कमी आणि त्यांतली फळणारी आणखी कमी.

या जातीतली खरी नवलाई कोंबड्यात आहे. कोंबडा म्हटला की मानेवरची टोकदार झुलती पिसे आणि शेपटीची कोयत्यासारखी वळलेली पिसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. सेब्राइट कोंबड्याला यांतले काहीच नाही. तुरा आणि रुबाब नराचा, पिसे मात्र सगळी मादीची. प्रत्येक पिसाला गोल काठ हवा, तर टोकदार पिसे चालायची नाहीत, हे सौंदर्याचे गणित. पुढे अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांनी या कोंबड्यांची वृषणे काढली, तेव्हा त्यांना इतर कोंबड्यांसारखी लांब झुपकेदार पिसे फुटली! आता आपल्याला ठाऊक आहे, की या जातीच्या कातडीतच नराच्या संप्रेरकाचे मादीच्या संप्रेरकात रूपांतर होते. एका हौशी माणसाने, यातले काहीही ठाऊक नसताना, केवळ डोळ्याने निवड करत नर-मादीतला पिसांचा भेद पुसून टाकला होता.

सेब्राइटांच्या मागून ही हौस मध्यमवर्गात उतरली. १८३५ मध्ये इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. झुंजीऐवजी आता रूपाची स्पर्धा सुरू झाली. रूपाची स्पर्धा म्हटली की नियम आले. १८६५ मध्ये डार्विनचे स्नेही टेगेटमायर यांच्या संपादनाखाली प्रत्येक जातीचे प्रमाणवर्णन छापून निघाले आणि पिसावरच्या रेघेलाही गुण मिळू लागले.

या स्पर्धकांना दोन कोडी सुटत नव्हती. पहिले अँडलुशियन कोंबडीचे. तिचा निळसर राखाडी रंग मोठा देखणा. पण निळ्या कोंबड्याशी निळी कोंबडी जुळवली, तरी पिलांत निम्मीच निळी निघत. चौथा हिस्सा काळी, चौथा हिस्सा डागाळलेली पांढरी. रक्तात कुठेतरी भेसळ आहे असे समजून पैदासकार काळी-पांढरी पिले वर्षानुवर्षे काढून टाकत, पण भेसळ काही जाईना. दुसरे कोडे अमेरिकेतल्या पट्टेदार प्लिमथ रॉकचे. प्रदर्शनात नर-मादी एकाच छटेची हवीत, पण नर नेहमी फिका आणि मादी गडद. शेवटी लोकांनी दोन वेगळी घराणीच ठेवली, एक बक्षिसाच्या कोंबड्यांसाठी आणि दुसरे बक्षिसाच्या कोंबड्यांसाठी नव्हे, तर तलंगांसाठी!

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मेंडेलचे वाटाण्यावरचे विस्मृतीत गेलेले काम पुन्हा उजेडात आले. वनस्पतींचा हा नियम प्राण्यांना लागू होतो का, हे पाहण्यासाठी केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी जे प्राणी निवडले, त्यांत कोंबडी प्रमुख होती. कारण हौशी लोकांनी शंभर वर्षे खपून तुरे, पिसे आणि रंग यांचे स्वच्छ, वेगवेगळे नमुने तयारच ठेवले होते. १९०२ मध्ये बेटसन यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अँडलुशियनचे कोडेही सुटले. निळा हा शुद्ध रंग नव्हेच. काळ्याचा एक आणि पांढऱ्याचा एक असे दोन अंश एकत्र आले की निळा दिसतो. म्हणजे सगळी पिले निळी हवी असतील, तर निळ्याशी निळा जुळवून उपयोग नाही. काढून टाकलेला काळा आणि काढून टाकलेला पांढरा, हेच एकमेकांशी जुळवायचे. ज्याला भेसळ म्हणून उकिरड्यावर टाकले, त्यातच हवा असलेला रंग होता.

प्लिमथ रॉकचे कोडे १९०८ मध्ये अमेरिकेत स्पिलमन यांनी उलगडले. पट्ट्यांचा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांत नराकडे असे गुणसूत्र दोन आणि मादीकडे एकच. म्हणून नराला पट्ट्यांचा दुहेरी वाटा मिळतो आणि तो फिका दिसतो. शिवाय आई आपले ते एकुलते गुणसूत्र फक्त मुलांना देते. पट्टेदार कोंबडी काळ्या कोंबड्याला जुळवली, तर मुलगे आईवर जाऊन पट्टेदार आणि मुली बापावर जाऊन काळ्या. इतकेच नव्हे, तर अंड्यातून बाहेर येतानाच नर पिलाच्या डोक्यावर फिका ठिपका असतो. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी जुळवली, तरी मुली सोनेरी आणि मुलगे रुपेरी.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडात दाण्याची टंचाई झाली. बेटसन यांचे सहकारी रेजिनल्ड पनेट यांनी हे ज्ञान कामाला लावले. अंडी न देणाऱ्या पिलाला दाणा का घालायचा? रंगावरून नर ओळखा आणि बाजूला काढा. पुढे १९२९ मध्ये पनेट आणि मायकेल पीझ यांनी 'कँबार' ही जात सिद्ध केली. तिच्यात दर पिढीला, कोणताही संकर न करता, पिलाच्या पहिल्या लवीवरूनच नर आणि मादी ओळखता येत. सेब्राइटांनी जो भेद पिसांवरून पुसला होता, तो पनेट यांनी पहिल्याच दिवशी पिलाच्या अंगावर लिहून दिला.

या सगळ्या खटाटोपाचा कच्चा माल आपल्याकडचाही आहे. पाळीव कोंबडीचा मूळपुरुष लाल रानकोंबडा, हे मत कलकत्त्याहून एडवर्ड ब्लाइथ यांनी डार्विनला कळवले होते. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की पिवळ्या कातडीचा आणि पायांचा गुण लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखाडी रानकोंबड्याकडून आला असावा. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो, तोच हा पक्षी. प्लिमथ रॉकचे पाय पिवळे असतात.

आता पाटीवाल्याकडे परत येतो. त्याची पिले बहुधा पांढरी अंडी देणाऱ्या जातीची असावीत. त्यांत नर-मादी पिसाच्या रंगावरून कळत नाहीत. शेपटीखाली तपासून किंवा पंखाची पिसे किती वाढली आहेत ते पाहून ती वेगळी करतात. पंखाच्या पिसांची ही युक्तीसुद्धा त्याच गुणसूत्राच्या हिशेबावर चालते. तपकिरी अंड्यांच्या संकरित जातींत मात्र आजही सोनेरी-रुपेरीचाच नियम वापरतात. सोनेरी पिलू पिंजऱ्याकडे जाते, फिके पिलू मरणाकडे. जगभरात दरवर्षी अशी अब्जावधी नर पिले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतली काही पिले रंगवून बाजारात येतात.

रंगावरून कोंबडीचा जीव जाणे आपल्याला नवे नाही. उताऱ्याला काळी हवी, देवऋष्याला उलट्या पिसांची हवी, हे आजीने पाहिले होते. पण आजीच्या अंगणात काबरी, तांबडी, बोडकी अशी प्रत्येकीची वेगळी ओळख होती आणि कापायच्या आधी तिचा जीव चुटपुटायचा. सेब्राइटांनी पिसावरचा काठ निरखला तो प्रेमाने. त्यांच्या डोळ्याला प्रत्येक पक्षी वेगळा दिसत होता. त्या निरखण्यातून एक शास्त्र उभे राहिले, आणि शास्त्राने रंगाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला लावले: ठेवायचे की टाकायचे?

माझ्या गुलाबी पिलाला मी नाव ठेवले होते. पाटीवाल्याने वर चढवलेला रंग तिसऱ्या दिवसापर्यंत पंखांवरून उतरू लागला होता, आणि खालून त्याचा स्वतःचा फिका पिवळा रंग दिसत होता.