ट्रायकलर

नॉर्वेचे मोटारवाहू व्यापारी जहाज. बांधणी १९८७, लांबी १९० मी. १४ डिसेंबर २००२ रोजी पहाटे सव्वादोनच्या सुमारास, दाट धुक्यात, इंग्लिश खाडीच्या पूर्व तोंडाशी ‘कारिबा’ या कंटेनर जहाजाने त्याला बगलेवर धडक दिली. झेब्रुगेहून (बेल्जियम) साउदॅम्प्टनकडे निघालेले हे जहाज सुमारे दीड तासात आडवे होऊन बुडाले. खलाशी मात्र २४ च्या २४ वाचले. पोटात बीएमडब्ल्यू, व्होल्व्हो, साब अशा २,८०० हून अधिक कोऱ्या मोटारी होत्या.

खरी डोकेदुखी बुडाल्यावर सुरू झाली. पाणी जेमतेम ३० मी. खोल; त्यामुळे कुशीवर पडलेले धूड पृष्ठभागाच्या अगदी लगत राहिले, तेही जगातील अत्यंत वर्दळीच्या जलमार्गात. रेडिओवरून इशारे जात होते, पहारा होता. तरीही दोनच दिवसांनी ‘निकोला’ आणि १ जानेवारी २००३ रोजी तेलवाहू ‘विकी’ ही जहाजे त्यावर जाऊन आदळली. इशारा देणे आणि तो ऐकला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून दिसले. पुढे अवशेषांतून गळलेल्या तेलाने हजारो समुद्रपक्षी माखले.

जहाज अखंड उचलणे अशक्य होते. जुलै २००३ पासून खरबरीत कड्या ओवलेली पोलादी तार दोन मंचांमधून मागेपुढे ओढत सांगाडा कापण्यात आला. त्याचे नऊ तुकडे झाले, प्रत्येक सुमारे ३,००० टनांचा. चेपलेल्या मोटारी भंगारात गेल्या. सफाई २००४ मध्ये पूर्ण झाली.