शेफिल्डचे मेस्टर

इंग्लंडच्या यॉर्कशरमधले शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांचे गाव. चॉसरने चौदाव्या शतकात लिहिलेल्या 'रीव्हच्या गोष्टी'त एक गिरणीवाला आहे आणि त्याच्या मोज्यात खोचलेली सुरी शेफिल्डची आहे. या गावाचे नाव सुरीला तेव्हाच चिकटलेले होते. त्या सुरीला चॉसर 'थ्विटेल' म्हणतो. तासणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून तो शब्द आला आणि आजचे 'व्हिटल', म्हणजे लाकूड सुरीने तासत बसणे, हे त्याचेच रूप. पुढे पाचशे वर्षांनी, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, गावाच्या पूर्वेला पोलादाचे प्रचंड कारखाने उभे राहिले, १८९३ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला, तरीही सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, कानशी यांचा बराचसा धंदा एकेकट्या कारागिरांच्या हातात राहिला. भाड्याच्या गाळ्यात, घरामागच्या अंगणात, एखाददुसरा उमेदवार हाताशी घेऊन काम करणारी ही माणसे. त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत. या शब्दाची मला फार ओढ आहे, कारण त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे घर बांधायला येतो.

मेस्टर म्हणजे मास्टरच, उत्तरेकडच्या तोंडचा. मूळ लॅटिन 'मॅजिस्टर'. त्याच्या पोटात 'मॅगिस' म्हणजे 'अधिक' हा शब्द आहे. जो इतरांहून अधिक, वरचढ, तो मॅजिस्टर. याच्या उलट 'मिनुस' म्हणजे 'उणा', त्यावरून 'मिनिस्टर', म्हणजे सेवक, हाताखालचा. मंत्र्याला मिनिस्टर म्हणताना ही जुनी ओळख कोणाच्या मनात नसते, पण शब्दाच्या अंगावर ती आहे. लॅटिन मॅजिस्टरचा पोर्तुगीजांच्या तोंडी 'मेस्त्र' झाला, तो गोव्यात नि कोकणात उतरला आणि आपण त्याचा मेस्त केला, मेस्त्री केला, घाटावर आणि मुंबईत मिस्त्री केला. इंग्रजांकडून तोच शब्द पुन्हा आला तो मास्तर होऊन. एकाच पूर्वजाची दोन नातवंडे दोन जहाजांतून आली, आणि मराठीने दोघांना वेगळी कामे दिली. शाळेत, पोस्टात आणि स्टेशनात मास्तर. भिंत, दरवाजा आणि मोटार यांच्यापाशी मिस्त्री. शिंप्याच्या दुकानात कापड बेतणारा मात्र मास्तर झाला.

शेफिल्डने हे दोन्ही एकाच गावात करून दाखवले. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिथे कटलर, म्हणजे सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या लोकांची कंपनी स्थापन झाली. हॅलमशर, म्हणजे शेफिल्डच्या परिसरात, कोण उमेदवारी करणार, कोणाला कोणती खूण पात्यावर ठोकता येणार, हे तिच्या हाती होते. तिच्या प्रमुखाला 'मास्टर कटलर' म्हणतात. हे पद अजून आहे. रीतसर उमेदवारी करून, कंपनीत नाव नोंदवूनच माणूस स्वतःचा धनी होत असे. १८१४ मध्ये आणखी एका कायद्याने ही अट गेली आणि धंदा सर्वांना खुला झाला. मग ज्याच्याजवळ ऐरण, हातोडा, कानस आणि आठवड्याचे भाडे आहे, तो मेस्टर. मोठ्या सभागृहात मेजवानी देणारा मास्टर आणि अंगणातल्या गाळ्यात मुठी बसवणारा मेस्टर, शब्द एकच.

'लिटल मेस्टर' याचा धातूपर्यंत जाऊन अर्थ लावला तर 'लहानसा मोठा' असा निघतो. त्या माणसांची सगळी अवस्था या दोन शब्दांत सापडते असे मला वाटते. तो कोणाचा नोकर नव्हता. भोंगा वाजला म्हणून उठत नव्हता. पण त्याचे पोलाद उधारीचे, वाफेच्या इंजिनाची शक्ती भाड्याची, आणि तयार माल उचलणारा 'फॅक्टर' भाव पाडून मागणारा. हा फॅक्टर म्हणजे आपल्याकडचा अडत्या. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'करणारा'. शेफिल्डमध्ये मात्र स्वतः काहीच न घडवणाऱ्याला तो लागला. 'फॅक्टरी' हीसुद्धा आधी अशा फॅक्टरांची बसण्याची जागा होती. राजापूरच्या आणि सुरतेच्या इंग्रजी वखारींना त्यांच्याच कागदांत फॅक्टरी म्हटले आहे आणि तिथे एक खिळाही घडत नव्हता. धंदा मंदावला की फॅक्टर हात आखडता घेई आणि मेस्टर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली मजुरीला जाई. मंदी सरली की पुन्हा गाळा. हुद्दा गेला तरी लोक त्याला मेस्टरच म्हणत असणार. आपल्याकडेही एकदा मिस्त्री झालेल्या माणसाला कोणी पुन्हा बिगारी म्हणत नाही.

कटलर या शब्दाबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण त्याचे नाते सगळेजण 'कट'शी लावतात. ते नाही. तो फ्रेंच 'कुतल्ये'वरून, तो लॅटिन 'कुल्तेल्लुस' म्हणजे छोटी सुरी यावरून, आणि ती 'कुल्तेर'वरून. कुल्तेर म्हणजे सुरी, आणि नांगराचे पातेही.

एक सुरी एका माणसाच्या हातून पुरी होत नसे. एकजण पाते ठोकून घडवी, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी. आणि धार लावणाऱ्याचे जग सर्वांत वेगळे. ज्या इमारतीत धारेचे दगड फिरत तिला नुसते 'व्हील' म्हणत, म्हणजे चाक. पूर्वी ती ओढ्याकाठी असे आणि पाण्याच्या चाकावर चाले, म्हणून हे नाव. वाफ आली, इमारती गावात शिरल्या, तरी नाव चाकच राहिले. पोर्टर ओढ्यावरचे 'शेफर्ड व्हील' आजही पाहायला मिळते. व्हीलमधल्या एकेका खोलीला 'हल'. उत्तरेकडच्या बोलीत डुकरांच्या खुराड्यालाही हल म्हणतात; मूळ अर्थ टरफल, झाकण, आच्छादन. दगडाच्या मागे लाकडी बैठक, तिला 'हॉर्सिंग', कारण धार लावणारा तिच्यावर घोड्यावर बसावे तसा दोन्हीकडे पाय टाकून बसे आणि पुढे वाकून पाते दगडावर दाबी. दगड त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर. दगड फुटला तर तुकडे अंगावर येत आणि माणसे जागच्या जागी मरत.

पण जास्त माणसे मारली ती धुळीने. दगडाखालच्या डोणीत पाणी असेल तर दगडाची आणि लोखंडाची भुकटी भिजून तिचा पिवळट चिखल होई. त्याचे नाव 'स्वार्फ', कानशीने घासणे या जुन्या नॉर्स क्रियापदाच्या कुळातले. आपला लोहकीस त्याच जातीचा. पाण्यावर धार लावणाऱ्याच्या कपड्यांवर, भिंतीवर हा चिखल उडे, पण निदान फुप्फुसात कमी जाई. काटे, सुया यांची धार कोरड्या दगडावर लागे. तिथे भुकटी थेट नाकातोंडात. शेफिल्डचे डॉक्टर नाइट यांचे निरीक्षण एंगेल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे: कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशी गाठतात, पाण्यावरचे क्वचित पंचेचाळिशी ओलांडतात. या दुखण्याला 'ग्राइंडर्स अस्थमा' म्हणत. दमा हा शब्द फारच सौम्य होता. दगडातल्या सिलिकाने फुप्फुसे घट्ट होऊन माणूस गुदमरत असे. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले, चुंबकाचे मुखवटे निघाले, पण धार लावणाऱ्यांनी ते सरसकट स्वीकारले नाहीत. धंद्यात माणसे जास्त जगली तर गर्दी होईल आणि मजुरी पडेल, ही भीती त्यांच्यातल्या अनेकांनी उघड बोलून दाखवली. मरणाच्या हिशेबावर उभी असलेली मजुरी कशी असते ते इथे दिसते, आणि ते वाचताना आजही संताप येतो.

मजुरी धरून ठेवण्यासाठी त्यांच्या संघटनांनी जो मार्ग काढला त्यालाही शेफिल्डने आपला शब्द दिला: 'रॅटनिंग'. वर्गणी थकवणाऱ्याची हत्यारे किंवा दगड फिरवणारा पट्टा रात्रीतून नाहीसा होई. वर्गणी भरली की वस्तू परत. उत्तरेच्या बोलीत रॅटन म्हणजे उंदीर. हत्यारे उंदरांनी नेली असे म्हणायची रीत होती आणि त्यावरून हे क्रियापद पडले असे मानतात. सोबत चिठ्ठी असलीच तर खाली सही 'मेरी ॲन' अशी. प्रकरण पट्ट्यावर थांबले नाही. १८६६ च्या ऑक्टोबरात हेरफर्ड स्ट्रीटवर एका करवत-धारवाल्याच्या घरात बंदुकीची दारू उडवण्यात आली. पुढल्या वर्षी सरकारी चौकशी बसली आणि संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने, माफीचे आश्वासन मिळाल्यावर, माणसांवर गोळ्या झाडवल्याचे कबूल केले. देशभर खळबळ उडाली. कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली ती १८७१ मध्ये.

कामाच्या दिवसांचीही त्यांची स्वतःची भाषा होती. स्वतःच्या वेळेचा धनी असल्याने मेस्टर सोमवारी सहसा काम करत नसे, आणि या सुट्टीला त्यांनी 'सेंट मंडे' म्हणून संतपद दिले. उलट नाताळच्या आधीचे तीन आठवडे हात मोडेपर्यंत काम. त्यांची नावे क्रमाने वासराचा आठवडा, गाईचा आठवडा, बैलाचा आठवडा. काम वाढत जाते तसे जनावर वाढते. दिवसावर काम करणाऱ्याला 'डेटलर', म्हणजे दिवसाने मोजला जाणारा, आपला रोजंदारीवाला.

धार लागलेल्या मालाला झळाळी आणणे हे बायकांचे काम. त्यांना 'बफर गर्ल' म्हणत. बफ म्हणजे चामडे, तेही मुळात म्हशीच्या जातीच्या जनावराचे. बफेलोचाच तो तुकडा. चामडे चढवलेल्या फिरत्या चाकावर वाळू-तेलाचा लगदा लावून त्या चमचे घासत. डोक्याला रुमाल, अंगाला कागद गुंडाळलेला, वर 'बफ-ब्रॅट'. ब्रॅट म्हणजे इथे अंगावरचे वस्त्र. हट्टी पोर हा अर्थ त्या गल्ल्यांत कोणाच्या डोक्यातही येत नसे.

सगळ्यांत सुंदर शब्द कात्रीवाल्यांचा आहे. कात्रीची दोन पाती घडून, धार लागून तयार झाली की ती एकमेकांत बसवणारा वेगळा कारागीर असे. त्याला 'पुटर-टुगेदरर' म्हणत, म्हणजे 'एकत्र बसवणारा'. कर्त्याचा प्रत्यय दोनदा लागलाय; व्याकरणाला एक पुरे झाला असता, पण बोलणाऱ्यांना तो दोन्ही टोकांना हवासा वाटला. काम बाहेरून सोपे दिसते, एक स्क्रू तर पिळायचा. खरे पाहता दोन्ही पात्यांना हलकासा बाक द्यावा लागतो, असा की मिटताना ती मळसूत्राजवळ आणि कापण्याच्या बिंदूवर, एवढ्या दोनच जागी एकमेकांना टेकावीत, आणि तो बिंदू मुळापासून टोकापर्यंत सरकत जावा. बाक कमी झाला तर कापड दुमडून मध्ये अडकते, जास्त झाला तर पाते पात्याला खाते. कारागीर ऐरणीवर पाते ठेवतो, हातोड्याचे हलके ठोके देतो, डोळ्यासमोर उजेडाकडे धरतो, पुन्हा ठोकतो, मग उघडमीट करून कानाने ऐकतो. हे हातात यायला वर्षे लागतात. शेफिल्डमध्ये हाताने कात्र्या करणाऱ्या थोड्याच पेढ्या उरल्या आहेत. १७६० पासूनची विल्यम व्हाइटली ही एक, १९०२ मध्ये निघालेली अर्नेस्ट राइट ही दुसरी, आणि हे काम करणाऱ्याचे पद तिथे अजूनही पुटर-टुगेदरर असेच आहे.